सेंट मार्टिनच्या दोन्ही पर्यटन खात्यांना: विझलेल्या चुलींचीही नोंद ठेवा

प्रति,
पर्यटन विभाग, सिंट मार्टेन, फिलिप्सबर्ग
आणि
पर्यटन कार्यालय, सेंट मार्टिन, मारिगो

महोदय / महोदया,

तुमचं बेट एकच, पण त्याची एक बाजू डच, सिंट मार्टेन, आणि दुसरी फ्रेंच, सेंट मार्टिन. म्हणून पत्र दोघांना. ते मी मराठीत लिहितो आहे. तुमच्याकडच्या एका मिनीबसमध्ये इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, डच आणि हैतीची क्रेयोल एकाच वेळी चाललेली असते. त्यात आणखी एका भाषेनं गर्दी होईल असं वाटत नाही. कळलं नाही तर पत्र घेऊन फ्रंट स्ट्रीटवरच्या एखाद्या सोन्याच्या दुकानात जा. गल्ल्यावरचे सिंधी शेठ मुंबईत नाहीतर उल्हासनगरात वाढलेले निघतील, ते नाहीत तर त्यांचा एखादा पाहुणा तरी. वाचून देतील.

मी शिरोड्याचा. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ आमचं गाव. इकडची आणि गोव्यातली पोरं कित्येक पिढ्या बोटीवर जातात, तसा मीही गेलो. क्रूझच्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि कॉन्ट्रॅक्टमागून कॉन्ट्रॅक्ट करत कुक होऊन बाहेर पडलो. पूर्व कॅरिबियनच्या फेरीत तुमचं बेट दर आठवड्याला लागायचं. सकाळी पॉइंट ब्लांशच्या धक्क्यावर, संध्याकाळी परत समुद्रात. मधे लंच आवरलं की डिनरची कापाकापी सुरू होईपर्यंत, ज्याची पोर्ट मॅनिंगची, म्हणजे बंदरात बोटीवरच थांबायची, पाळी नसेल त्यानं गँगवे उतरून पळायचं. तेवढ्या वेळात आमच्यासारखा माणूस तीन गोष्टी करतो. घरी फोन लावतो, पैसे पाठवतो आणि जेवतो. जेवायला बोटीवर काही कमी नव्हतं. पण हजारो माणसांचं अन्न रोज शिजवणाऱ्याला एका माणसासाठी शिजवलेलं ताट समोर आलेलं बघायचं असतं.

तुम्ही दर वर्षी क्रूझ प्रवाशांचे आकडे छापता. त्या आकड्यांत आम्ही नव्हतो. प्रवासी एकदा येऊन जायचा, फार तर दुसऱ्यांदा. आम्ही मात्र आठवड्याला यायचो, त्याच गल्लीत, त्याच बाकावर. म्हणून कुठलं दुकान कधी बंद झालं ते आम्हाला तुमच्या एजंटांच्या आधी कळायचं.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. बेटावरच्या बंद पडलेल्या, वाऱ्यानं नेलेल्या, विकल्या गेलेल्या खाणावळींची नोंद करा. मेनू, पाट्या, फोटो, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकाच्या कृती गोळा करा. सुरुवात लोलोंपासून, म्हणजे रस्त्याकडेच्या भट्टीवाल्या साध्या खाणावळींपासून, आणि रोटीच्या दुकानांपासून करा. पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्यांची काळजी नको, त्यांची नावं जुन्या प्रवास-मार्गदर्शिकांत छापलेली आहेत, कुणीही कधीही काढून वाचेल. मागच्या गल्लीतल्या बाईच्या हातचं काय होतं ते मात्र कुठेच छापलेलं नाही.

फ्रंट स्ट्रीटपासून सुरू करतो, कारण आमची वाट तिथूनच जायची. फिलिप्सबर्ग म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. पुढे ग्रेट बेचा समुद्र, मागे ग्रेट सॉल्ट पाँड, आणि मधे दोन लांब रस्ते, फ्रंट स्ट्रीट आणि बॅक स्ट्रीट. दोघांना जोडणारे बोळ इतके अरुंद की समोरून ढकलगाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. शिरोड्याच्या माणसाला ते मिठाचं तळं लगेच ओळखीचं वाटतं. आमच्याकडेही मिठागरं आहेत, 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह तिथंच झाला. डच तुमच्या बेटावर 1631 साली आले ते मिठासाठीच आणि त्या तळ्यातून मीठ उपसणं विसाव्या शतकापर्यंत चाललं. ते मीठ उपसायला गुलामांना जुंपलं. गुलामगिरी फ्रेंच बाजूला 1848 मध्ये संपली आणि डच बाजूला 1863 मध्ये. त्या मजुरांच्या पोटात जे जायचं, खारवलेला मासा, डंपलिंग, कंदमुळं, तेच पुढे लोलोच्या ताटात आलं. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या माहितीपत्रकात जेवणाच्या पानावर मीठ नसतं. ते इतिहासाच्या पानावर असतं, आणि मधे चार जाहिराती असतात.

तर फ्रंट स्ट्रीट. तिथं ‘वाजांग डॉल’ नावाचं इंडोनेशियन रेस्टॉरंट होतं. मधे भात आणि भोवती डझनाहून जास्त वाट्या अशी ती रायस्टाफेल, डचांनी जावामधून उचलून जगभर नेलेली मेजवानी. कॅरिबियन समुद्रात बसून जावाचं जेवण डच पद्धतीनं जेवायचं आणि बिल अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचं. तुमचं अख्खं बेट त्या एका टेबलावर मांडलेलं होतं म्हणा ना. मी आत कधी गेलो नाही, दाराबाहेरचा मेनू वाचून पुढे निघायचो. आमच्या गॅलीतला एक जावाचा पोरगा मात्र वाढदिवसाला हिय्या करून जाऊन आला. परत आल्यावर म्हणाला, शेंगदाण्याची चटणी गोड केली आहे, गोऱ्यांसाठी. तरीही दोन दिवस खुशीत होता.

त्याच रस्त्यावर जुन्या लाकडी घरात ‘लेस्कार्गो’ होतं. गोगलगायी खायला माणसं आगाऊ टेबल राखून ठेवतात हे मी गावी सांगितलं तेव्हा मला थापाड्यात काढलं गेलं. आणि ‘शिवसागर’ही होतं. मुंबई पाहिलेल्या माणसाला ही पाटी दिसली की पावभाजी आठवणार. हे हॉटेल निराळं, काश्मिरी-मुघलाई वळणाचं. महिनोन्‌महिने क्रू मेसमधली पिवळी, चव नसलेली करी खाल्लेल्या पोरांना ती पाटी वाचूनच बरं वाटायचं. आत जायला खिसा लागे, त्यामुळे पगाराच्या आठवड्यातच जाणं होई. चौघांत दोन डिश आणि रोट्या मात्र मोजायच्या नाहीत.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला मॅहो. साइन ऑफ करून, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून, घरी निघालेल्यांचं विमान ज्युलियाना विमानतळावरून असायचं आणि एजंट आम्हाला वेळेच्या खूप आधी नेऊन सोडायचा. मग सामान कुणाच्या तरी ताब्यात देऊन ‘चेरीज कॅफे’. उघडं, भिंती नाहीत, संध्याकाळी बँड वाजायचा आणि प्लेटमध्ये बटाटे इतके की खाली काय आहे ते उकरून काढावं लागे. जवळच ‘सनसेट बार’, जिथं सर्फबोर्डवर त्या दिवसाच्या विमानांच्या वेळा खडूनं लिहिलेल्या असायच्या. केएलएम या डच विमान कंपनीचं जम्बो डोक्यावरून जाताना ग्लासातली बिअर थरथरायची. ते जम्बो ऑक्टोबर 2016 पासून येईनासं झालं, चेरीज त्याच्याही आधी बंद पडलं, सनसेट 2017 च्या इर्मा चक्रीवादळानंतर परत उभं राहिलं. कुठलं टिकेल याचा हिशेब तुमच्या बेटावर कुणालाही लावता येत नाही.

आता खरं बोलतो. या मोठ्या जागांपैकी सगळ्याच काही हळहळण्यासारख्या नव्हत्या. फ्रंट स्ट्रीटवर असेही होते ज्यांचा ‘ताजा’ लॉब्स्टर आमच्याच बोटीवरच्या फ्रीझरमधल्या लॉब्स्टरचा सख्खा भाऊ होता. कुकच्या नजरेला शेपटीच्या कडेचा रंग बघून कळतं. ते गेले ते बरं झालं. नोंद करा म्हणतो याचा अर्थ सगळ्यांना हार घाला असा नाही. वाईट जेवणाचीही नोंद हवी. पर्यटनाच्या तेजीत लोक काय काय खपवायचे तेही कळू दे.

हळहळ वाटते ती बॅक स्ट्रीटच्या रोटीवालीची. दुकानाला पाटी नव्हती, असली तरी आमच्यातल्या कुणी वाचल्याचं आठवत नाही. बाई गयानाच्या. तिकडे 1838 पासून हिंदुस्थानातून मजूर करारावर नेले, त्या लोकांची ही पाचवी-सहावी पिढी. सगळे त्यांना आंटी म्हणत. पीठ मळून त्यात डाळीचं सारण भरून लाटलेली मोठी, कपड्यासारखी मऊ डालपुरी, तिच्यात बकऱ्याची नाहीतर चण्याची करी घालून पुडक्यासारखी घडी, वर कागद. आंटींनी भारत कधी पाहिला नव्हता. पण पहिल्या वेळी मी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी चेहऱ्याकडे बघून विचारलं, कोणत्या गावचा? देश विचारला नाही, गाव विचारलं. मी सांगितलेलं नाव त्यांना कळण्याचं काही कारण नव्हतं, तरी मान हलवली आणि चण्यात आणखी एक पळी घातली. करीत मोहरी नव्हती, कढीपत्ता नव्हता, हळद भरपूर होती, आणि जिरं काळसर होईपर्यंत भाजलेलं होतं. आमच्या घरी ते करपलं म्हणून टाकून दिलं असतं. तीच त्या करीची चव होती. मी घरी आल्यावर तसं करून बघितलं, अजून करतो. आमच्या मंडळींना पटत नाही.

एका मोसमात आलो तर दार बंद. शेजारच्या केशकर्तनवाल्यानं सांगितलं, भाडं वाढलं, आंटी मुलीकडे गेल्या. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्या जागी आता काय आहे ते मी सांगत नाही, चालवणाऱ्याचा काही दोष नाही.

फ्रेंच बाजूला जाणं आमच्या नशिबी क्वचितच. लांबचा दिवस मिळाला तरच, मिनीबसनं मारिगो आणि तिथून ग्राँ काझ. हद्दीवर कुणी अडवत नाही. 1648 च्या करारानं बेट वाटलं गेलं, पण त्या रेषेवर आजही फक्त खुणेचा खांब नाहीतर पाटी असते आणि रस्त्याचा रंग बदलतो. ग्राँ काझच्या एकाच रस्त्याच्या दुतर्फा फ्रेंच रेस्टॉरंटं ओळीनं, संध्याकाळी दाराबाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेला मेनू. त्यांच्यासाठी प्रवासी युरोप-अमेरिकेतून यायचे. आम्ही जायचो ते लोलोंकडे. समुद्राच्या आणि रस्त्याच्या मधोमध, लोखंडी पिंप आडवं कापून केलेल्या भट्ट्या, त्यांवर बरगड्या, कोंबडी, अख्खा तांबोशी मासा, आणि धूर असा की बसमधून उतरायच्या आधी भूक लागावी. बाजूला भात आणि कडधान्य, तळलेली केळी, मक्रोनी आणि जॉनी केक. तो जॉनी केक आमच्या कोंबडी-वड्यातल्या वड्याचा चुलतभाऊ, जरा जाड आणि जरा गोडसर. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्यायला टिंग सोडा नाहीतर कॅरिब बिअर. बिलात युरो आणि डॉलर एकाच भावानं धरायचे. असा व्यवहार मी जगात दुसरीकडे पाहिला नाही.

अळूचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तिथल्या एका भट्टीच्या मागे, रस्त्यावरून न दिसणाऱ्या चुलीवर एक डॉमिनिका बेटावरची बाई कॅलालू करायची. गिऱ्हाइकांसाठी रोज नसे, केलं तर मिळे. पातेल्यात डोकावलो तर अळूची पानं. आमच्याकडे विहिरीच्या कडेला उगवतं आणि लग्नाच्या पंगतीत ज्याचं फदफदं होतं, तेच अळू. तिनं त्यात भेंडी घातली होती, नारळाचं दूध, खारवलेलं मांस, खेकड्याच्या नांग्या आणि वर एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची, न फोडता. मी विचारलं, चिंच नाही, कोकम नाही, खाजत नाही का? ती म्हणाली, उकळू दे. मग म्हणाली, अजून उकळू दे. तिच्या कृतीत एवढंच होतं, बाकी सगळं हातात. ते मी लिहून घेतलं. नंतर इर्मा आलं.

शंखाचंही तिथंच. कॉंक अँड डंपलिंग्ज हा तुमचा राष्ट्रीय पदार्थ मानतात हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा धक्क्यावर येऊन फोनकार्ड घासून आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. पलीकडून आवाज आला, ‘अरे मेल्या, देवाच्या पूजेतलो शंख खाल्लंस?’ मी म्हटलं, ‘तो नाय गे आये, ह्यो दुसरो.’ खरंच दुसरा. गुलाबी पोटाचा, मोठा, मांस लाकडी हातोडीनं कुटल्याशिवाय दाताला दाद न देणारा. पण तिचं समाधान झालं नाही, परत आल्यावर तिनं मला आधी अंघोळ घातली. आज तो शंख सहज मिळत नाही, 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि बाजारात येतो तो बहुतेक बाहेरून. म्हणजे पदार्थ आहे, पण तो शिजवणारे आणि तो पकडणारे दोघेही कमी होत चालले आहेत. हे काम पुढे ढकलू नका म्हणतो ते यासाठीही.

6 सप्टेंबर 2017 च्या सकाळी इर्मा तुमच्यावरून गेलं. मी घरी होतो, टीव्हीवर मॅहोचा किनारा ओळखता येईना. डच रेडक्रॉसनं सांगितलं की डच बाजूच्या 90 टक्क्यांहून जास्त इमारतींचं नुकसान झालं. ग्राँ काझच्या समुद्राकडच्या बाजूची रेस्टॉरंटं लाटांनी पोखरून नेली, ऑरिएंट बेच्या वाळूवरची एकूण एक आडवी झाली. त्याआधी 1995 मध्ये ल्यूईस वादळानं मलेट बेचं अख्खं रिसॉर्ट त्यातल्या रेस्टॉरंटांसकट मोडलं होतं. तिथं गोल्फ चालू राहिला आणि बाजूला त्या इमारतींचे सांगाडे वर्षानुवर्षं उभे होते. आमची बस त्यांच्या शेजारून जायची. ड्रायव्हर नव्या पोरांना भुताटकीच्या गोष्टी सांगायचा.

वादळानं पडलेलं परत उभं का राहत नाही, हे मला बाहेरून दिसलं तसं लिहितो, चुकीचं असेल तर तुम्ही दुरुस्त करा. मोठ्यांकडे विमा होता, त्याचे पैसे यायला वर्ष-दोन वर्षं लागली, तोवर शेफ दुसऱ्या बेटावर नोकरीला लागले. लहानांकडे विमाच नव्हता. फ्रेंच बाजूला किनाऱ्यालगतची पन्नास पावलांची पट्टी सरकारी, आणि इर्मानंतर धोक्याचे पट्टे ठरवणारी नवी योजना आली तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये लोकांनी रस्ते अडवले. ज्यांची दोन-तीन पिढ्यांची चूल त्या पट्टीत आहे त्याला सांगायचं की इथं बांधता येणार नाही. समुद्र वाढतो आहे हे खरं, योजना लागणारच. पण ज्याला हलवता आहात त्याच्याकडे आधी जाऊन तिथं काय शिजायचं ते लिहून तरी घ्यावं, असं मला वाटतं. नेदरलँड्सनं पुनर्बांधणीसाठी 550 दशलक्ष युरोंची तजवीज केली आणि बराचसा पैसा जागतिक बँकेमार्फत आला. त्यातून विमानतळ, घरं, इस्पितळ, आणि ते योग्यच. मी मागतो आहे त्याला त्यातला एक चिमूटभरही लागणार नाही.

इर्माचा मलबा कुठे गेला? ग्रेट सॉल्ट पाँडमध्ये, जिथं शहराचा कचरा जातो तिथंच. खुर्च्या, पत्रे, पाट्या, कापलेली पिंपं, सगळं मिठाच्या तळ्यात. पुढे त्या ढिगाला आगी लागत राहिल्या आणि गावात धूर पसरला. यावर मी काही बोलत नाही, तुमचे स्थानिक लोक माझ्याहून मोठ्यानं बोलत आहेत.

डिसेंबर 2017 मध्ये क्रूझ परत यायला लागल्या आणि आमच्यातल्या पोरांनी मला एकेक बातमी कळवली. ग्राँ काझचे लोलो परत पेटले, हे कळलं तेव्हा खरंच आनंद झाला. कॅलालूवाली बाई दिसली नाही. मग मार्च 2020 मध्ये बोटीच थांबल्या. आमची कित्येक पोरं महिनोन्‌महिने केबिनमध्ये अडकली, घरी यायला विमान नाही. 2021 मध्ये बोटी सुरू झाल्या तरी बऱ्याच कंपन्यांनी क्रूला किनाऱ्यावर उतरूच दिलं नाही. प्रवासी फ्रंट स्ट्रीटवर फिरत होते आणि बॅक स्ट्रीटची गिऱ्हाइकं पोर्टहोलमधून बघत होती. वादळाच्या नुकसानीची पाहणी करायला माणसं आली होती. या नुकसानीची पाहणी कुणी केल्याचं ऐकलं नाही.

आता काय करता येईल ते. फ्रेंच बाजू 2021 पासून दर नोव्हेंबरात गॅस्ट्रोनॉमी फेस्टिव्हल भरवते, बाहेरून नामवंत शेफ बोलावते. त्यातली एक संध्याकाळ बंद पडलेल्या चुलींना द्या. शेफ नको, ज्यांनी त्या चुली चालवल्या त्या बायकांना बोलवा, प्रवासखर्च द्या, मानधन द्या, आणि पदार्थाखाली त्यांचं नाव लिहा. डच बाजूला नॅशनल हेरिटेज फाउंडेशनचं संग्रहालय फिलिप्सबर्गमध्येच आहे, मिठाच्या व्यवसायाचं सामान तिथं ठेवलेलं आहे. त्याच्या शेजारी एक कापलेलं पिंप ठेवायला किती जागा लागते? खाली फक्त लिहू नका की ही पारंपरिक भट्टी आहे. ती कुणाची होती, कुठे लागायची, मंगळवारी तिच्यावर काय असायचं आणि शनिवारी काय, ते लिहा.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. तुम्ही लोलोचं देवालय कराल. वरून बांबूची सजावट, खाली एकसारखे टीशर्ट, मेनूवर ‘ऑथेंटिक’, आणि बरगड्यांची किंमत दुप्पट. तसं करणार असाल तर काहीच करू नका. जे चालू आहे ते आपल्या तब्येतीनं चालू दे, भाडं वाढणार नाही एवढं बघा. मी मागतो आहे ती नोंद, सजावट नव्हे.

आणि माहिती कुणाकडून घ्यायची, याचं एक सोपं उत्तर तुमच्या धक्क्यावरच आहे. क्रूझ बंदरात आली की क्रू जिथं वायफायसाठी गोळा होतो तिथं एक फलक लावा: ‘इथं तुम्ही काय जेवायचात, कुठे, कुणाकडे?’ इंग्रजीत लिहा, तागालोगमध्ये लिहा, इंडोनेशियनमध्ये, हिंदीत, कोकणीत. मनिला, जावा, केरळ, गोवा, सिंधुदुर्ग, इतक्या ठिकाणच्या माणसांनी तुमच्या बॅक स्ट्रीटला जेवून ठेवलं आहे. त्यांतल्या अनेकांकडे त्या काळातले रोलवाले फोटो आहेत, ज्यात पुढे चार पोरं हसत आहेत आणि मागे कुणाच्या तरी दुकानाची पाटी आलेली आहे. आम्ही ते फोटो आपापल्या चेहऱ्यांसाठी जपले. तुम्हाला पाटी मिळेल.

माझ्याकडे एक वही आहे. गॅलीतल्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीमागे लिहिलेल्या कृती मी नंतर तीत उतरवल्या. तुमच्या बेटावरच्या त्यात बऱ्याच आहेत: कॅलालू, भाजलेलं नीरफणस खारवलेल्या माशाबरोबर, आंटींचे चणे, ग्वाव्हाबेरीचं मद्य घातलेला नाताळचा केक, बोकडाचा रस्सा. मापं कपात नाहीत, हाताच्या पसाभर आणि ‘तिच्या पळीनं दोन’ अशी आहेत. फोटो काढून पाठवीन, कुठे पाठवायचं तेवढं कळवा. उत्तर इंग्रजीत चालेल. फ्रेंचमध्ये आलं तरी गोव्यात वाचणारा शोधीन.

एक विनंती. कॅलालूच्या पातेल्यातली ती अख्खी मिरची प्रवाशांना झेपणार नाही म्हणून कुणी कमी करायला बघेल. ती माझी नाही, त्या बाईची आहे. राहू द्या.

आपला,
शिरोड्याचा एक माजी गॅली-कामगार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग